तळं राखील तो पाणी चाखील

ऑक्टोबर २००४. अमेरिकेतल्या ‘वायर्ड’ मासिकाचे संपादक क्रिस अँडरसन यांनी एक लेख लिहिला आणि धंद्याच्या जगाला नवा मंत्र मिळाला. लाँग टेल. लांब शेपटी.

मंत्र सोपा होता. दुकानातल्या फळीवर जागा कमी, म्हणून दुकानदार खपणारा मालच ठेवतो. इंटरनेटच्या फळीला अंत नाही. मग वर्षाला दोन-चारच खपणारी लाखो पुस्तकं, गाणी, सिनेमे ठेवायला काय जातंय? आलेखात डावीकडे मूठभर लोकप्रिय वस्तूंचं उंच डोकं, उजवीकडे किरकोळ खपाची न संपणारी शेपटी. शेपटीची बेरीज केली तर ती डोक्याला टक्कर देईल.

बेरीज ठीक. पण ती मांडायची कुणाच्या वहीत?

लाख पुस्तकांच्या दोन-दोन प्रती खपल्या, की दुकानाच्या खात्यात दोन लाख प्रतींची विक्री. लेखकाच्या खात्यात? दोन.

थेंबे थेंबे तळे साचे, यात वादच नाही. पण तळ्याचा मालक थेंब नसतो.

वाचकाचा फायदा झाला, हे मान्य. गावातल्या दुकानात कधी न आलेलं पुस्तक आज घरपोच येतं. हा आनंद खराच आहे. फक्त तो घेणाऱ्याचा आहे, लिहिणाऱ्याची चूल त्यावर पेटत नाही.

हजाराची आवृत्ती संपायला किती वर्षं लागतात, हे मराठी लेखकाला कुणी शिकवायला नको. तरी त्याला सल्ला मिळतोच, ‘ऑनलाइन टाका, सगळं जग तुमचं गिऱ्हाईक!’ असेल. पण लाखोंच्या गर्दीत ते गिऱ्हाईक तुमच्यापर्यंत पोचणार कसं?

चांगलं असेल ते आपोआप वर येतं म्हणता?

२००६ मध्ये ‘सायन्स’मध्ये एक प्रयोग छापून आला. मॅथ्यू साल्गानिक, पीटर डॉड्स आणि डंकन वॉट्स यांनी अनोळखी बँडची ४८ गाणी सुमारे १४ हजार श्रोत्यांपुढे ठेवली. काहींना नुसती गाणी दिली. बाकीच्यांचे आठ वेगळे गट केले आणि आपल्या गटात कुठलं गाणं किती जणांनी उतरवून घेतलं, तो आकडा त्यांना दाखवला. आकडा दिसताच लोक आकड्यामागे धावले. पुढे असलेली गाणी आणखी पुढे गेली.

‘५२ मेट्रो’ या बँडचं ‘लॉकडाउन’ हे गाणं एका गटात पहिलं आलं. दुसऱ्या गटात चाळिसावं. गाणं तेच, श्रोतेही तसेच. सुरुवातीची चार माणसं तेवढी वेगळी.

डोक्यावर कोण बसणार, यात गुणांइतकाच नशिबाचा हात असतो. शेपटीत खितपत पडलेल्याला ‘तुझ्यातच दम नाही’ म्हणणाऱ्यांनी हा प्रयोग एकदा वाचावाच.

हार्वर्ड बिझनेस स्कूलच्या अनिता एल्बर्स यांनी २००८ मध्ये विक्रीचे खरे आकडे तपासले. शेपटी लांबत होती, पण लांबता लांबता बारीकही होत होती. विक्री डोक्याकडेच गोळा होत होती.

नेटफ्लिक्सचंच बघा. अँडरसन यांचं हे लाडकं उदाहरण. लाल पाकिटातून डीव्हीडी घरी, यादीत लाखाच्या आसपास शीर्षकं. २९ सप्टेंबर २०२३ ला शेवटची डीव्हीडी रवाना झाली. आता यादी काही हजारांची आणि पैसा ओतला जातो तो मोठ्या मालिकांवर.

शेपटीवर मोठी झालेली कंपनी शेपटी कापून मोकळी झाली.

स्पॉटिफायनं २०२४ पासून नियम केला, मागच्या १२ महिन्यांत गाणं हजार वेळा वाजलं नसेल तर मानधन नाही. कंपनीचंच म्हणणं, अशा गाण्याला महिन्याला सरासरी ३ सेंट मिळत. एवढ्याशा पैशांसाठी कोण भांडणार?

पण सगळ्यांचे मिळून ते वर्षाला कोट्यवधी डॉलर होतात. कंपनीनं ते खिशात घातले नाहीत. हजाराच्या वर वाजणाऱ्या गाण्यांकडे वळवले. कमी असलेल्याकडून काढून जास्त असलेल्याला. याला न्याय म्हणायचं?

आणि या जगात सरासरीवर तर मुळीच विसंबू नका. वर्गात जगातला सर्वांत उंच माणूस आणून बसवला, तरी पोरांच्या उंचीची सरासरी दोन-तीन सेंटीमीटरच सरकेल. गाण्यांचं तसं नाही. हजार गाण्यांपैकी एक दहा लाख वेळा वाजलं आणि बाकीची दहा-दहा वेळा, तर सरासरी निघते हजाराच्या वर. हजार गाण्यांपैकी ९९९ गाण्यांबद्दल ती सरासरी धडधडीत खोटं बोलते.

तेव्हा नवं ॲप घेऊन कुणी आलं आणि ‘आमच्याकडे इतके लाख कलाकार, इतके कोटी वाटले’ असं सांगू लागलं, तर त्याच्याकडे मध्यक मागा. दहावीच्या पुस्तकात आहे तो. सगळ्यांना कमाईप्रमाणे रांगेत उभं करायचं आणि बरोबर मधल्याला विचारायचं, बाबा रे, गेल्या महिन्यात तुझ्या हातात किती पडले?

हा आकडा द्यायला कंपनी का-कू करू लागली, की उत्तर मिळालं असं समजा.