नीळकंठ

त्याचं खरं नाव सांगत नाही. आज तो चाळीस माणसांचा साहेब आहे, आणि साहेबाचा गळा एके काळी चार दिवस निळा होता हे त्या चाळीस जणांना कळलं नाही तरी चालेल.

2004 च्या जूनमध्ये तो सोलापूरहून पुण्याला आला. सदाशिव पेठेतल्या एका वाड्याच्या माडीवर आम्ही चौघं कॉट बेसिसवर राहायचो. त्याच्याबरोबर पत्र्याची ट्रंक, शेंगाचटणीचा डबा, एक सोलापुरी चादर आणि कपडे म्हणून पाच शर्ट, दोन पँटी. घरून महिन्याला 2000 रुपये यायचे. कॉटचं भाडं, मेस, बसचा पास आणि झेरॉक्स वजा जाता शंभर-दीडशे उरायचे. एवढ्या शिलकीवर त्याला कॉलेजात रोज नवीन दिसायचं होतं.

कंजूष माणूस वेगळा आणि हा वेगळा. कंजुषाला कसंही दिसलं तरी चालतं. याला चालत नव्हतं, सगळा घोळ तिथे होता. मेसमध्ये रविवारची फीस्ट सोडून तो ते पैसे बाजूला ठेवायचा आणि संध्याकाळी आमच्या फरसाणावर बसायचा. "पोटात काय गेलं ते कोण बघतंय बे? अंगावर काय आहे ते बघतात."

ऑक्टोबरात त्याने पहिली जीन्स घ्यायचं ठरवलं. मी बरोबर गेलो, म्हणून पुढचं सांगू शकतो.

कॅम्पातल्या फॅशन स्ट्रीटवर ट्रायल रूम नसते, तिथे गळा असतो. जीन्सचं बटण लावायचं, कंबरपट्टी दुहेरी धरून गळ्याभोवती गुंडाळायची, दोन टोकं मानेमागे भेटली की ती कमरेला बसते. गळा कमरेच्या साधारण निम्मा असतो, त्यामुळे हे माप सहसा चुकत नाही. आमच्या माणसाने जीन्स गळ्यात घातली ती काढलीच नाही. दोन्ही हात मोकळे राहतात आणि घासाघीस हातांनी चांगली होते, असं त्याचं मत. दुकानदार साडेचारशेवर, हा दीडशेवर. दोनदा आम्ही निघून गेल्यासारखं केलं, पण जीन्स याच्या गळ्यात असल्यामुळे दुकानदारही आमच्याबरोबर निघाला. शेवटी तो म्हणाला, "लेना है तो लो, नहीं तो गले से उतारो."

पाऊण तासाने 220 ला सौदा पटला. ऑक्टोबरचं ऊन, अंगाला धार लागलेली आणि कच्च्या रंगाची डेनिम. डेनिमच्या सुतात नीळ आतपर्यंत मुरत नाही, वरवर बसते, गाभा पांढराच राहतो. म्हणून तर जीन्स विटते, आणि विटलेली जास्त महाग विकतात. याच्या गळ्यात मात्र ती मुरली. कॉलरीच्या बरोबर वर, बोटभर रुंदीचा, दुकानदाराने मापून काढावा असा पट्टा. साबण झाला, रॉकेल झालं, मेसवाल्या काकूंनी सांगितलं म्हणून लिंबूही झालं. महादेवाने जगासाठी विष पचवलं तेव्हा त्याचा गळा निळा झाला. याने 230 रुपये वाचवले. चार दिवस तो गळ्याला मफलर गुंडाळून, घसा बसल्याचं सोंग करत लेक्चरला बसला. रंग गेला, नाव राहिलं.

त्याच आठवड्यात ती जीन्स आमच्या सामाईक बादलीत भिजली आणि माझे तीन बनियन आकाशी झाले. त्याबद्दल त्याने दिलगिरी व्यक्त केली नाही. उलट म्हणाला, "नीळ तर घालतातच की बे पांढऱ्याला."

ठेच लागली की हा पद्धत काढायचा. यापुढे खरेदीला जाताना खिशात ओला रुमाल. आधी कापडाच्या आतल्या बाजूला रुमाल घासायचा, रंग आला तर दुकानाची पायरी उतरायची. मग शिवण दोन्हीकडून ताणून उजेडात धरायची. मग आतल्या पट्टीला जादा बटण टाचलंय का ते बघायचं. छातीवरच्या नावाचं त्याला सोयरसुतक नव्हतं. त्याच्या एका टीशर्टवर उडी मारणाऱ्या वाघासारखं काहीतरी होतं आणि खाली 'पूमा'च्या जागी 'पूना' छापलेलं होतं. सदाशिव पेठेत हा शर्ट मुद्दाम काढलाय असं लोकांना वाटायचं आणि दोघा-तिघांनी तो कुठे मिळाला म्हणून विचारलंही.

पण विकत घेणं हा त्याच्या लेखी शेवटचा उपाय. पहिला उपाय आहेर. आपल्याकडे शर्टपीस-पँटपीस हे कापड नसून चलन आहे. मामाच्या मुंजीत आलेला पीस मावशीच्या वास्तुशांतीला जातो, तिथून जावेच्या भावाच्या लग्नाला आणि सहा वर्षांनी त्याच प्लॅस्टिकच्या पिशवीतून स्वगृही परततो. दिवाळीत नीळकंठ घरी गेला आणि असा एक फिरता पीस त्याने सरळ शिंप्याकडे टाकला. पीसला कात्री लावणारा तो त्यांच्या घराण्यातला पहिला. त्याच्या आईने त्यावर दोन दिवस अबोला धरला, कारण तो पीस मार्गशीर्षात कुणाकडे जायचा हे ठरलेलं होतं.

दुसरा उपाय वडिलांचं कपाट. त्यात लग्नातला सफारी होता, टेरिकॉटचा, बदामी. बोहारणीने त्याच्यावर एक मोठं स्टीलचं पातेलं आणि वर एक चाळणी कबूल केली होती. हा ऐन वेळी पोचला, ओसरीवरून सफारी उचलला आणि पातेलं परत गेलं. सफारीचं पुण्यात काय झालं ते सांगण्यासारखं आहे. आमच्या वाड्याच्या जिन्याखाली एक आल्टरवाले काका मशीन टाकून बसायचे. काकांनी पँटीचं बेलबॉटम आत घेतलं, वरच्या कोटाचे दोन खिसे उसवून काढले, त्या कापडाने कोपराला ठिगळं लावली आणि झालं जॅकेट. बिल 60 रुपये. उरलेल्या चिंध्या नीळकंठने मोजून परत घेतल्या. काका मला नंतर म्हणाले, "तुमचा मित्र कापडाचा नाही हो, कात्रीचा हिशेब मागतो."

मुलींचंही बजेट तेवढंच असायचं, पण त्यांची व्यवस्था पिढीजात. आईची जुनी साडी ड्रेस होते, ओढणी तीन ड्रेसवर चालते, लक्ष्मी रोडच्या मॅचिंग सेंटरमध्ये चिमूटभर कापड दाखवलं की बरोब्बर तोच रंग थानातून निघतो, आणि उरलेलं तुळशीबाग बघून घेते. मुलांना हे कुणी शिकवत नाही. नीळकंठ आपलं आपण शिकला, आणि शिकलेलं लिहून ठेवलं.

ती वही मी पाहिली आहे. शंभर पानी, वरच्या कव्हरवर 'कॉस्ट अकाउंटिंग'. आत चार रकाने: तारीख, शर्ट, पँट, कोणासमोर. शर्टांना नावं होती. चौकडा, आत्याचा, बाबा, पूना, आणि एक फिकट हिरवा, त्याचं नाव नुसतं 'बरा'. म्हणजे नोंद अशी: 'मंगळ. बाबा + काळी. प्रॅक्टिकल बॅच, कँटीन.' पाच शर्ट, तीन पँटी, पंधरा जोड्या. त्यावर स्वेटर चढवला की तीस. स्वेटर राखाडी, व्ही गळ्याचा, माझ्या मावशीने विणलेला, माझा. वहीत त्याची नोंद 'रूमचा स्वेटर'.

मी एकदा म्हटलं, "पँट बाकाखाली असते, ती कोण बघतंय?" त्याने वही मिटली आणि माझ्याकडे कौतुकाने पाहिलं. त्या दिवसापासून त्याने पँटीवर एक पैसा घातला नाही.

'कोणासमोर'च्या रकान्यात अधूनमधून एक अक्षर यायचं, 'म'. त्याभोवती गोल. 'म'समोर आलेली जोडी पुन्हा तीन आठवडे यायची नाही. ही 'म' कोण ते आम्हाला कळलं नाही, वर्गात तशा सहा होत्या. दुसऱ्या वर्षी एका संध्याकाळी तो खुशीत आला, चौघांना स्वतःच्या पैशाने चहा पाजला. मला वाटलं, जमलं. तर तिने फक्त विचारलं होतं, "तुझ्याकडे किती कपडे आहेत रे?" एवढ्यावर तो महिनाभर तरंगत होता. पुढे काही झालं नाही. पुढे काही होण्यासाठी हॉटेलात जावं लागतं आणि ते हेड त्याच्या वहीत नव्हतं.

शेवटच्या वर्षी कॅम्पस इंटरव्ह्यू आले. चौघांत मिळून एक टाय होता, त्याची गाठ कुणाच्या तरी भावाने एकदा बसवून दिलेली. ती सोडायची नाही असा दंडक, फास सैल करून डोक्यावरून काढायचा आणि पुढच्याला द्यायचा. ब्लेझर कुणाकडेच नव्हता. नीळकंठ रविवारी मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात गेला. तो बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो, तिथे पान्यांपासून पितळी नळांपर्यंत सगळं जमिनीवर मांडलेलं असतं. त्या मांडामांडीतून तो काळा ब्लेझर घेऊन आला. 180 रुपये, एक्स्पोर्टचं अस्तर, डाव्या बाहीला जेमतेम दिसेल न दिसेल असा रफू. आतल्या खिशात हात घातला तर चार-पाच तांदूळ निघाले. कुंकवाने लाल झालेले. कुणाच्या तरी डोक्यावर पडलेल्या अक्षता.

दुसऱ्याच्या लग्नाचा कोट घालून नोकरी मागायला जावं की नाही यावर रूममध्ये वाद झाला. नीळकंठ म्हणाला, "एकाचं काम झालंय बे यात. आपलं पण होईल." अक्षता त्याने खिशात परत ठेवल्या.

त्या दिवशी तो ब्लेझर आणि तो टाय आमच्या चौघांच्या अंगावरून एकामागून एक आत गेले. जिन्याच्या वळणावर अदलाबदल चालायची. मी तिसरा. समोरचे गृहस्थ माझ्या मार्कलिस्टकडे न बघता माझ्या डाव्या बाहीकडे बघत होते. मग म्हणाले, "या कोटाला मी आज तिसऱ्यांदा भेटतोय. याच्यात कोण कोण राहतं?" मी नावं सांगितली. ते हसले आणि मला घरी पाठवलं. नीळकंठ माझ्यानंतर गेला आणि त्याला घेतलं. कोटाबद्दल त्यालाही विचारलं होतं. त्याने ब्लेझरची किंमत, रफूची मजुरी आणि चार जणांत भागली असता दर माणशी पडलेला खर्च तोंडी सांगितला. 52 रुपये.

ब्लेझर पुढच्या बॅचला दिला. टायचं काय झालं माहीत नाही. रूम सोडली त्या दिवशी सामानाची वाटणी झाली, त्यात वहीप्रमाणे 'रूमचा स्वेटर' नीळकंठच्या वाट्याला गेला. वहीत लिहिलेलं असल्यामुळे मला काही बोलता आलं नाही.

तो आता परत सोलापूरला असतो. नीळकंठ, हे तुझ्या वाचनात आलं तर ऐक. सोलापुरात स्वेटर लागत नाही, हे सगळ्या महाराष्ट्राला माहीत आहे. मावशी आता विणत नाही. तो पाठवून दे.