दोन गाड्यांच्या मधली रात्र

साकोलीला रेल्वे स्टेशन नाही. मुंबई-कोलकाता हायवे आहे, एसटीचं आगार आहे, तालुक्याच्या गावाला लागतं ते सगळं आहे. गाडी पकडायची तर आधी गाव सोडावं लागतं.

जवळचं स्टेशन सौंदड. दहा-बारा किलोमीटर. 1 मे 1999ला भंडाऱ्यातून गोंदिया वेगळा झाला आणि आमचं सर्वांत जवळचं स्टेशन दुसऱ्या जिल्ह्यात गेलं. नावात भंडारा असलेलं भंडारा रोड स्टेशन भंडारा शहरात नाही, वरठीला आहे.

लांबच्या प्रवासाला खरे पर्याय दोनच. पन्नासेक किलोमीटरवरचं गोंदिया, नाहीतर शंभराच्या आसपासचं नागपूर.

मुंबईला जायचं असेल तर काम सोपं. विदर्भ एक्स्प्रेस गोंदियातूनच सुटते. कोल्हापूरला जाणारी महाराष्ट्र एक्स्प्रेसही तिथूनच. तेराशेहून जास्त किलोमीटर धावते आणि राज्याची हद्द ओलांडत नाही. पण पोरगं बंगळुरूला नोकरीला असेल, पोरगी सुरतेला दिली असेल, भाऊ दिल्लीला फौजेत असेल, तर?

थेट गाडी मिळाली तर ठीक. नाहीतर गाडी बदला.

आणि गाडी बदलायची वेळ बरोबर पहाटेची येते. अडीचला उतरा, पुढची गाडी साडेसातला. मधले पाच तास कुणाचे? पहिल्या गाडीचे नाहीत, दुसऱ्या गाडीचेही नाहीत. वेळापत्रकात त्यांना रकानाच नाही.

पण त्यांचे पैसे घेतले जातात. रेल्वेचं भाडं अंतर वाढेल तसं किलोमीटरमागे कमी होत जातं. सलग हजार किलोमीटर स्वस्त पडतात, पाचशे आणि पाचशे महाग. दोन वेगळी तिकिटं काढली की मोजणी दोनदा सुरुवातीच्या महाग किलोमीटरपासून होते. आरक्षणाचा आकार दोनदा. दोन्ही गाड्या सुपरफास्ट असतील तर तो अधिभारही दोनदा.

थेट गाडी नसलेल्या गावचा माणूस जास्त भाडं देऊन कमी झोपतो. त्या जादा पैशात त्याला एक धड खुर्ची मिळायला काय हरकत आहे?

लोक म्हणतात, थांबायचंच कशाला, चाळीस मिनिटांत दुसरी गाडी मिळेल अशी तिकिटं काढा. हा सल्ला देणारा माणूस डिसेंबरात उत्तरेकडून येणाऱ्या गाडीत बसलेला नसतो. तिकडे धुकं पडतं आणि इकडे नागपूरला फलाटावरचे आकडे बदलत राहतात. एक तास उशीर. दोन तास. साडेतीन.

चाळीस मिनिटांचं अंतर कागदावरच असतं. पाच तासांचं अंतर हा विमा आहे. मी माझ्या माणसांना नेहमी लांबचीच जोडगाडी घ्यायला सांगतो. रात्र जाते, पण तिकीट वाया जात नाही.

तरीही चुकलीच गाडी तर? इथे एक सोय आहे, आणि बहुतेक प्रवाशांना ती कुणी सांगितलेली नसते. 1 एप्रिल 2019पासून दोन तिकिटांचे पीएनआर एकमेकांना जोडता येतात. दोन्हीकडे प्रवाशांची नावं तीच हवीत. पहिलं तिकीट जिथे संपतं तिथूनच दुसरं सुरू व्हायला हवं. असं जोडलेलं असेल आणि पहिली गाडी उशिरा आल्यामुळे दुसरी चुकली, तर दुसऱ्या तिकिटाचे पैसे न कापता परत मिळतात. मागणी मात्र लगेच करावी लागते, पहिली गाडी प्रत्यक्ष पोचल्यापासून तीन तासांच्या आत.

पैसे मिळतात, बर्थ मिळत नाही. पण न जोडलेल्या तिकिटाचं दोन्ही जातं. मग ही सोय तिकीट खिडकीच्या काचेवर ठळक मराठीत का लिहिलेली नसते?

तारखेचं बघा. गाडी रात्री बारा वाजून दहा मिनिटांनी. माणूस म्हणतो, रविवारी रात्रीची गाडी. जेवतो, आवरतो, साडेअकराला फलाटावर येतो. तिकिटावर तारीख रविवारचीच असते. म्हणजे ती गाडी काल, शनिवारची रात्र उलटताच निघून गेली. आपल्याकडे दिवस सूर्य उगवल्यावर बदलतो, रेल्वेकडे बाराच्या ठोक्याला. शिकलेली, हिशेबी माणसं या दहा मिनिटांत फसतात.

आणि स्टेशन? नागपूर म्हणजे एक स्टेशन असं समजून चालू नका. मुख्य नागपूर वेगळं, इतवारी वेगळं, अजनी वेगळं. चंद्रपूरलाही तसंच. चांदा फोर्ट गोंदिया-बल्लारशा मार्गावर, चंद्रपूर स्टेशन दुसऱ्या मार्गावर. एकाच गावात एका स्टेशनवर उतरायचं आणि दुसऱ्यावर चढायचं, तेही पहाटे, पोरं-सामान घेऊन. रिक्षावाला मागेल तो भाव.

तिकिटावरचं नाव शेवटच्या अक्षरापर्यंत वाचा.

आता फलाट. विश्रामगृहाची खोली ऑनलाइन मिळते, पीएनआर टाकून. पण बहुतेक ठिकाणी हिशेब बारा किंवा चोवीस तासांचा. गरज पाच तासांची, भाडं बाराचं. शिवाय खोल्या मोजक्याच. ज्याने महिनाभर आधी नोंदवली तो झोपतो, बाकीचे चादर पसरतात.

राहिलं प्रतीक्षालय. तिकीटधारकासाठीच ते बांधलंय. एका जंक्शनवर मी पहाटे तीनला उतरलो तेव्हा त्याला कुलूप होतं. किल्ली कुणाकडे? साहेबांकडे. साहेब कुठे? येतील. साहेब सकाळी सहाला आले, तोवर दोन म्हाताऱ्या बाया आणि एक तान्हं पोर थंड फरशीवर होतं. जानेवारी होता.

दिवसा उघडं प्रतीक्षालय कुणाला हवंय? दिवसा तर झाडाखालीही बसता येतं.

आम्ही झाडीपट्टीची, पूर्व विदर्भाची माणसं. रात्र जागणं आम्हाला कुणी शिकवू नये. दिवाळी सरली, धान घरात आलं की आमच्याकडे नाटकं सुरू होतात. वडशाच्या नाटक मंडळ्या गावोगाव फिरतात. मंडईची जत्रा असते, बैलांच्या शर्यतींचा शंकरपट असतो आणि रात्री नाटक. रात्री उशिरा पडदा उघडतो आणि कोंबडा आरवेपर्यंत खेळ चालतो. घोंगडी पांघरून, पोरं मांडीवर घेऊन अख्खी गावं बसतात. थंडी तीच, पहाट तीच, जमीन तीच. कुणी कुरकुरत नाही.

कारण तिथे आपण पाहुणे असतो. पाहुण्यांसाठी गावातलं प्रत्येक दार उघडं असतं. चहा मागितला तर मिळतो. बायांना कुठे जायचं ते ठाऊक असतं. म्हाताऱ्याला कुणीतरी बाज देतं. शेजारी बसलेला माणूस नात्यातला नसला तरी ओळखीच्या गावचा असतो.

धानाच्या जागलीला शेतात एकटा झोपणारा शेतकरीही फलाटावरच्या प्रवाशापेक्षा सुखी. त्याच्याकडे निदान मचाण असतं आणि शेकोटी असते.

फलाटावर काय असतं? डोळ्यांवर येणारा दिवा, दर पाच मिनिटांनी घोषणा आणि बॅगेची काळजी. झोप लागली तर सामान जाईल, लागली नाही तर पुढचा दिवस जाईल. कुटुंब असेल तर पाळ्या लावता येतात. एकट्याने काय करायचं? मोबाईल भिंतीवर चार्जिंगला लावून डोळा लागला, की तो भिंतीवर राहीलच याची खात्री नाही. सामानघर असेल तर बॅगा तिथे ठेवा. कुलूप नसलेली बॅग ते घेत नाहीत, म्हणून साधं कुलूप घरूनच न्या. पहिल्या गाडीत झोप लागून स्टेशन मागे पडायची भीती असेल तर 139वर फोन करून उतरायच्या स्टेशनचा अलर्ट लावून ठेवा. वीस मिनिटं आधी उठवतात.

सोबतीला कुणी आलं तर? प्लॅटफॉर्म तिकीट दोन तास चालतं. थांबा पाच तासांचा. म्हणजे साकोलीहून मुलीला सोडायला आलेला बाप दोन तासांनंतर नियमाप्रमाणे फुकटा ठरतो. त्याने पहाटे चारला मुलीला तिथेच ठेवून खिडकीवर जायचं, रांग लावायची आणि नवं तिकीट आणायचं. जागं राहण्याचं भाडं.

आणि आता कायदा वाचा. रेल्वे कायदा, 1989, कलम 139. विनातिकीट प्रवाशाने भाडं आणि दंड द्यायला नकार दिला तर त्याला गाडीतून उतरवता येतं. पण सोबत पुरुष नसलेली बाई किंवा मूल असेल तर वाटेल तिथे उतरवता येत नाही. जिथून ती चढली ते स्टेशन, जंक्शन, शेवटचं स्टेशन किंवा जिल्ह्याचं ठिकाण, एवढ्याच जागा. आणि तेही फक्त दिवसा.

फक्त दिवसा! कायदा लिहिणाऱ्याला कळलं होतं की रात्रीच्या फलाटावर एकटी बाई म्हणजे काय. विनातिकीट बाईच्या बाबतीतही त्याने ते लक्षात ठेवलं.

मग तिकीट काढलेल्या बाईला पहाटे अडीचला उतरवणाऱ्या वेळापत्रकाने ते लक्षात का ठेवू नये? वेळापत्रक बदलता येत नाही हे मान्य. हजारो गाड्या आहेत, कुणीतरी रात्री पोचणारच. पण कुलूप बदलता येतं. एकटीने प्रवास करणाऱ्या बायांसाठी रेल्वे सुरक्षा दलाने 2020मध्ये 'मेरी सहेली' सुरू केलं. गाडी सुटताना दलाच्या महिला येऊन विचारपूस करतात, काळजी घ्यायला सांगतात. चांगलं काम आहे, मनापासून सांगतो. तीच विचारपूस दोन गाड्यांच्या मधल्या फलाटावर हवी. गाडीत निदान शेजारी कुणीतरी असतं.

मागणी मोठी नाही. रात्री अकरा ते सकाळी सहा बायांचं प्रतीक्षालय उघडं आणि आत एक कर्मचारी. पाणी असलेलं, कडी लागणारं संडास. दाखवलेल्या तिकिटावर पुढच्या गाडीपर्यंत सोबतीला एका माणसाची मुभा. यासाठी नवा पूल लागत नाही, नवा रूळ लागत नाही.

नागपूर स्टेशनची दगडी इमारत 1925ची आहे. शंभर वर्षं झाली. तेवढ्या वर्षांत आमच्याकडच्या किती पिढ्या तिच्या छपराखाली पहाटेची वाट बघत बसल्या असतील! आज्याने धोपटी उशाला घेतली, बापाने ट्रंक, पोरगी आता ट्रॉलीबॅगवर पाय टाकून बसते. चाकं बॅगेला लागली.

ती तीनला उतरते. पुढची गाडी आठला. साकोलीतल्या घरात दिवा चालू असतो. बाप दर अर्ध्या तासाने फोन करतो आणि एकच विचारतो, "बसाले जागा भेटली का?" ती दरवेळी हो म्हणते. बाप फोन ठेवतो, पण दिवा घालवत नाही.