सातच्या आत हार

मुंबईत राहून हरणाऱ्या संघाच्या नादी लागायचं तर मुद्दाम शोध घ्यावा लागतो, कारण इथे जिंकणारेच फार. रणजी करंडक मुंबईने ४२ वेळा उचललाय, आयपीएलचा चषक मुंबई इंडियन्सने पाच वेळा. आमच्या गोराईत बारशाला पाळण्याबरोबर निळी जर्सीही येते. अशा ठिकाणी मी प्रो कबड्डी सुरू झाल्यापासून यू मुंबाचा चाहता आहे. 'यू मुंबा' म्हटल्यावर समोरचा माणूस आधी थोडा वेळ आठवतो, मग सौजन्याने विचारतो, "अजून आहे का तो संघ?"

बंगळूरुवाल्यांचं बरं होतं. आयपीएलचा चषक बघायला त्यांना २०२५ साल उजाडलं, तब्बल अठरावा हंगाम; पण तोवर लाखो माणसं एकमेकांच्या गळ्यात पडून हरत होती. 'पुढच्या वर्षी नक्की' म्हणायला संपूर्ण शहर होतं. गोराईत तेच वाक्य मला एकट्याला म्हणावं लागतं, तेही हळू आवाजात, कारण आमची वस्ती जागतिक बँकेच्या योजनेतल्या चिकटून बांधलेल्या घरांची. मूळच्या बैठ्या घरांवर पुढे मजले चढले, पण भिंती सामाईकच राहिल्या. माझ्या घरात संघ हरला की बातमी वृत्तवाहिन्यांच्या आधी शेजारी पोहोचते.

मी काही हरण्याची हौस म्हणून या संघाकडे गेलो नव्हतो. उलट मला फसवलं ते सुरुवातीच्या यशाने. २०१४ साली लीग सुरू झाली आणि पहिल्याच वर्षी आम्ही अंतिम फेरीत. अंतिम सामनाही मुंबईतच. अभिषेक बच्चनच्या जयपूरने आम्हाला ३५-२४ असं हरवलं, पण तेव्हा वाटलं, ठीक आहे, पाहुण्यांचा मान. २०१५ ला बंगळूरुला ३६-३० हरवून विजेते झालो. २०१६ च्या मार्चमध्ये पुन्हा अंतिम फेरी. पाटण्याकडून ३१-२८, फक्त तीन गुणांनी हार. ओळीने तीन हंगाम, तिन्ही वेळा अंतिम फेरी! कप्तान अनुप कुमार. चढाईला जाताना चेहऱ्यावर असं हसू, की जणू शेजारच्या घरी विरजण मागायला निघालाय. बोनस रेषेवर पाय टेकवायचा, एक गुण घ्यायचा आणि आल्या पावली परत. घाई नाही, आरडाओरडा नाही. ते बघून माझी खात्रीच पटली, की हा संघ आता दर वर्षी अंतिम फेरीत जाणार आणि आपण फक्त मिठाई कुठून आणायची ते ठरवायचं.

त्यानंतर आजतागायत मिठाई आणलेली नाही. निदान कबड्डीच्या निमित्ताने तरी नाही.

मधल्या काळात जे घडलं ते थोडक्यात सांगतो, कारण विस्ताराने सांगायला लागलो की घरची माणसं उठून जातात. २०१८ ला बाद फेरीत पोहोचलो, तर यूपी योद्धाने ३४-२९ असं घरी पाठवलं. त्या यूपीचा कप्तान कोण? रिशांक देवाडिगा! आमचा, मुंबईचा, पहिले चार हंगाम आमच्याच जर्सीत खेळलेला. २०१९ ला उपांत्य फेरीत बंगालशी गाठ पडली. ३७-३५. दोन गुण! त्यानंतर तीन हंगाम बारा संघांत नववा-दहावा क्रमांक. दहाव्या क्रमांकाचा एक फायदा असतो: बाद फेरीच्या वेळी आपला रक्तदाब नीट राहतो.

लिलाव हे आणखी एक प्रकरण. कोल्हापूरच्या चंदगड तालुक्यातला सिद्धार्थ देसाई आम्ही २०१८ ला ३६ लाख ४० हजारांना घेतला. पोरगा पहिल्याच हंगामात असा खेळला की समोरची साखळी त्याने अंगावर घेऊन मध्यरेषेपर्यंत ओढत आणावी. मी लगेच मुलाला सांगितलं, याचं नाव लक्षात ठेव, हा दहा वर्षं आपला. पुढच्याच वर्षी तेलुगू टायटन्सने त्याला १ कोटी ४५ लाखांना नेला. आमचा संघ म्हणजे रोपवाटिका झालीय. रोपं आम्ही जगवायची, आंबे हैदराबादने खायचे. इराणचा फझल अत्राचली, डाव्या कोपऱ्यावरचा तो पहाड, त्याला आम्ही २०१८ ला एक कोटीला परत आणला होता. २०२२ च्या लिलावात तो गेला १ कोटी ३८ लाखांना. आणि गेला कुठे, तर पुण्याला.

पुण्याला गेला हे मला टीव्हीवरून नाही कळलं. मेहुण्याचा फोन आला. हे आमच्या हिचे धाकटे बंधू, मुक्काम कोथरूड. पुणेरी पलटण पहिल्या दोन्ही हंगामांत तळाला होती तेव्हा या गृहस्थांना कबड्डी नावाचा खेळ असतो हेही ठाऊक नव्हतं. "भावोजी, तो दाढीवाला आता आमच्याकडे येतोय म्हणे. चांगला आहे का हो?" असं अगदी जिज्ञासू स्वरात विचारलं त्याने. १ मार्च २०२४ ला पलटणने हरियाणाला २८-२५ हरवून चषक जिंकला. त्या रात्री मेहुण्याचा फोन आला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मी जरा धास्तावलोच. चार दिवसांनी माणसाच्या हाती बाकरवडीचा पुडा आला, वर चिठ्ठी: 'सहज.' पुण्याच्या माणसाशी भांडता येतं, पण 'सहज'शी कसं भांडणार?

बाकरवडी चांगली होती, हे कबूल करायला हवं.

बरं, दुःख विसरायला आपल्या मैदानात जाऊन आरडाओरडा करावा म्हटलं, तर मैदानाचीही बोंब. आमचं घरचं मैदान वरळीचं सरदार वल्लभभाई पटेल स्टेडियम, म्हणजे तो घुमटवाला हॉल. गोराईहून बसने बोरिवली स्टेशन, तिथून गाडी पकडून महालक्ष्मी, आणि रात्री हरून परत. तरी जायचो. मॅटवर बुटांचे तळवे कचकन वाजतात, पकड झाली की सात जणांचा ढीग पडतो आणि हॉलच्या छतापर्यंत आवाज चढतो, ते टीव्हीवर येत नाही. पण करोनानंतरचा पहिला हंगाम सगळा बंगळूरुत झाला. पुढच्याचे साखळी सामने बंगळूरु, पुणे, हैदराबादला. दहाव्या हंगामात मुंबईला सामने आले खरे, पण अकराव्यात पुन्हा हैदराबाद, नोएडा, पुणे. घरचा संघ म्हणायचं आणि बघायचा नोएडात! आमच्या मंडळाच्या पोरांचे सामने अजून मातीवर, पिवळ्या हॅलोजनखाली होतात, रेषा चुन्याच्या असतात आणि पाहुण्यांच्या हाती नारळ-शाल. तिथे निदान संघ गोराईचा असला तर सामना गोराईत असतो.

वरळीचा घुमट असा दुरावला, आणि खाडीपलीकडे दुसरा घुमट कायम डोळ्यांसमोर. आमच्या गच्चीवरून विपश्यना पॅगोडाचा सोनेरी कळस दिसतो. २००९ साली राष्ट्रपती प्रतिभाताई पाटलांच्या हस्ते त्याचं उद्घाटन झालं. आत एकही खांब नाही, आणि आठेक हजार माणसं एकत्र ध्यानाला बसू शकतात. आठ हजार माणसं एका छताखाली, आणि आवाज शून्य! यू मुंबाच्या चाहत्याला ही कल्पनाच झेपत नाही.

हिने मात्र तीच कल्पना उचलून धरली. "दहा दिवसांचं शिबिर करून या. फोन काढून घेतात, बोलायचं नाही, स्कोअर बघायचा नाही. तुमचंही भलं होईल, आमचंही." शेजारच्या काकांनी दुजोरा दिला. काका बँकेतून निवृत्त झालेले, विपश्यनेचे जुने साधक, फेरीने खाडी ओलांडून नेमाने पॅगोडात जाणारे. त्यांचं म्हणणं, हार-जीत अनित्य आहे. मी म्हटलं, काका, जीत अनित्य आहे हे पटतं, २०१५ नंतर अनुभवानेच पटलंय. हारीचं मात्र नित्य चाललंय. त्यावर ते हसले आणि म्हणाले, "पुढचा सामना आपण बरोबर बघू. मी सांगतो तसं करा."

पुढचा सामना होता २६ डिसेंबर २०२४ चा. अकराव्या हंगामात आम्ही, सांगायला अभिमान वाटतो, पाचवे आलो होतो आणि बालेवाडीत बाद फेरीत समोर पुन्हा पाटणा. काका पाठीचा कणा ताठ ठेवून सोफ्यावर बसले. मी जमिनीवर. पाटण्याचा देवांक दलाल, त्या हंगामातला सगळ्यात मोठा चढाईपटू, मध्यरेषा ओलांडून आला की माझा उजवा गुडघा आपोआप नाचायला लागायचा.

"पायात काय होतंय?" काका.

"पेटका येतोय."

"मग त्याला बघा. प्रतिक्रिया देऊ नका. श्वासाकडे लक्ष."

आता गंमत अशी, की कबड्डीही श्वासाचाच खेळ. एका दमात जायचं, दम तुटायच्या आत परत यायचं. टीव्हीवर त्याची तीस सेकंदं झाली एवढंच. मी चढाईपटूबरोबर श्वास धरला. आमच्या दोन चढाया रिकाम्या गेल्या, तिसरी 'करा किंवा मरा' आली, आणि आमचा गडी कोपऱ्यात पकडला गेला तेव्हा मला कळलं की तीन चढाया मी श्वास सोडलाच नव्हता. खोकल्याची उबळ आली. ही स्वयंपाकघरातून पाणी घेऊन धावली. काका तसेच, ताठ, मंद हसत. शेवटी ३१-२३. बाहेर.

"बचाव चांगला होता," काका म्हणाले, चपला घातल्या आणि गेले. इतका राग मला पाटण्याचाही आला नव्हता.

पण त्या रात्री मला खरं खुपलं ते वेगळंच. फरक आठचा होता. आठ! हे समजायला माझी खरी साधना सांगायला हवी, जी मी पॅगोडात न जाता, गोराईतल्या गोराईत, वर्षानुवर्षांच्या सरावाने कमावली होती.

प्रो कबड्डीत नियम असा होता: जिंकलात तर पाच गुण, बरोबरी झाली तर तीन, आणि सात किंवा त्याहून कमी फरकाने हरलात तर एक गुण. हा नियम ज्याने केला त्याच्या घरात माझ्यासारखा कुणीतरी चाहता असणार. कारण त्याने हरण्याला प्रतवारी दिली. सामना हातचा गेला, दोन मिनिटं उरली, आम्ही दहाने मागे. इतरांनी टीव्ही बंद केला असता. माझा सामना तिथून सुरू व्हायचा. आता जिंकायचं नाही, सातवर यायचंय! एक बोनस मिळाला, नऊ. एक पकड झाली, आठ. आता शेवटची चढाई, समोरचा संघ निवांत, त्याला काही पडलेलं नाही, आणि इकडे मी खुर्चीवर उभा. हात लागला! सात! मी अशी आरोळी ठोकायचो की भिंतीपलीकडून काकू विचारायच्या, "काय हो, जिंकलात?"

"नाही काकू, हरलो. पण सातने."

पलीकडून मग काही आवाज यायचा नाही.

मी हिशेबही करून ठेवला होता. हंगामात तेव्हा सामने २२. सगळेच्या सगळे सातच्या आत हरलो तरी २२ गुण. चार सामने जिंकून होतात २०. म्हणजे नीट, शिस्तीत, एकही न जिंकता हरणारा संघ चार विजय मिळवून बाकी अठरा सामन्यांत वाताहत करून घेणाऱ्या संघाच्या वर! हे मी मुलाला समजावून सांगितलं तेव्हा त्याने माझ्याकडे बराच वेळ पाहिलं, आणि त्याच आठवड्यात मामाला फोन करून पलटणची जर्सी मागवली. आता घरात सामना असला की तो मामाशी व्हिडिओ कॉलवर बसतो. मी आतल्या खोलीत.

२०२५ च्या बाराव्या हंगामात तो नियम काढून टाकला. जिंकाल तर दोन गुण, हराल तर शून्य. बरोबरीही राहिली नाही, निकाल लावायलाच पाहिजे म्हणे. एकने हरा नाहीतर वीसने, तक्त्यात सारखंच. दूरदर्शी लोकांना यातून सामने चुरशीचे होतील असं वाटलं असेल. मला एवढंच दिसलं, की आयुष्यभर हप्ते भरलेली पॉलिसी मुदतीच्या तोंडावर बंद झाली. काकांना सांगितलं तर म्हणाले, "बघा, तो एक गुणही अनित्यच होता." काकांशी मी सध्या कबड्डी सोडून सगळ्यावर बोलतो.

तक्ता मी आता स्वतःच ठेवतो. कालनिर्णयच्या पानामागे, पाककृतीच्या कडेला पेन्सिलीने. त्यात जुना नियम अजून चालू आहे: जिंकलो तर पाच, सातच्या आत हरलो तर एक. त्या तक्त्यात आमचा संघ बरा आहे. मुलाने परवा तो बघून विचारलं, "बाबा, बाकीचे संघपण सातच्या आत हरतात की. त्यांचा एकेक गुण कुठाय?"

म्हटलं, त्यांचे चाहते ठेवतील त्यांचा हिशेब.