अप्पांना काय धाड भरलीय!

पर्वतीच्या पायऱ्या अप्पा पहाटे साडेपाचला चढतात आणि वर पोचले की धापा टाकणाऱ्या तरुण पोरांकडे कमरेवर हात ठेवून बघत उभे राहतात. त्यांचा खरा व्यायाम तो. वय एकसष्ट, दात सगळे स्वतःचे, केस बहुतांशी स्वतःचे. औषधाच्या दुकानात जातात ते पाचशेची नोट मोडायला. अशा माणसाला कोणी "मेडिक्लेम घेऊन ठेवा" म्हटलं, की तो त्यांना तब्येतीवरचा नव्हे, खानदानावरचा आरोप वाटतो. "आमचे आजोबा ब्याण्णवाव्या वर्षी गेले. जेवले, वामकुक्षीला आडवे झाले, ते झालेच. आम्हाला काय धाड भरलीय!"

विमा या गोष्टीशीच त्यांचं वाकडं आहे असं मात्र नाही. स्कूटरला कायद्याने थर्ड पार्टी पुरतो, अप्पा फुल घेतात. फ्रिजला वाढीव वॉरंटी आहे. मोबाइलच्या काचेलासुद्धा विमा आहे. काकूंनी एकदा भाजी निवडता निवडता विचारलं, "घरात तुमचाच तेवढा नाही. तो का?"

"स्कूटर रात्री बाहेर उभी असते," अप्पा म्हणाले.

सोसायटीतल्या एजंटने त्यांच्यापुढे हात टेकलेत. टर्म प्लॅन समजावून सांगितला तेव्हा अप्पांनी पहिलाच प्रश्न टाकला, "मुदत संपल्यावर मी जिवंत असलो तर हातात काय?" काही नाही, म्हटल्यावर ते इतके दुखावले की जणू जिवंत राहिल्याचा दंड कोणी मागितला. आणि मधेच गेलो तर? तर घरच्यांना पैसे. "म्हणजे हप्ते मी भरायचे आणि मजा बघायला मीच नाही!" तरी शेवटी आवाज बारीक करून विचारलंच, पहिल्या वर्षीच्या कमिशनातलं किती परत देणार? १९३८ च्या विमा कायद्याच्या ४१ व्या कलमाने असं देणं आणि घेणं दोन्ही बेकायदा आहे, असं एजंटने सांगितलं. अप्पा म्हणाले, "कलम राहू द्या, आकडा बोला."

मेडिक्लेमवर त्यांचा आक्षेप बरीच वर्षं जीएसटीचा होता. तब्येत माझी आणि अठरा टक्के सरकारला कशाबद्दल? २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य आणि आयुर्विम्याच्या हप्त्यावरचा तो कर रद्द झाला, आणि अप्पांची मोठीच पंचाईत झाली. दोन दिवस पर्वतीवर गप्प होते. तिसऱ्या दिवशी नवा मुद्दा तयार: त्यांच्या ओळखीच्या एकाने पॉलिसी काढली आणि सहा महिन्यांत त्याला दवाखान्यात ठेवावं लागलं. "तोपर्यंत ठणठणीत होता हो!"

त्यांचा आणखी एक आवडता सिद्धांत आहे. ज्याला गरज त्याला या कंपन्या दारात उभं करत नाहीत आणि ज्याला नाही त्याला फोन करकरून छळतात. म्हणजे सगळी लबाडीच. हिशेब अर्धा बरोबर आहे. अप्पांचे सगळेच हिशेब अर्धे बरोबर असतात, म्हणून तर त्यांच्याशी वाद घालता येत नाही. धडधाकट लोकांच्या हप्त्यांतूनच आजाऱ्यांची बिलं भागतात, तेव्हा कंपनीला अप्पाच हवे असणार हे उघड आहे. पण पर्वती चढणाऱ्याला फक्त आजारच होतात असंही नाही, हा उरलेला अर्धा हिशेब.

तो दिवाळीच्या साफसफाईत पुढे आला. अप्पा माळ्यावरची चकलीची मोठी कढई काढायला प्लॅस्टिकच्या स्टुलावर चढले. रक्तदाब उत्तम, हृदय उत्तम, स्टूल मात्र जुनं. मनगटाचं हाड मोडलं, प्लेट टाकावी लागली, बिल लाखाच्या वर. हॉस्पिटलच्या खाटेवरून डाव्या हाताने त्यांनी एजंटला फोन लावला, "परवाच्या तारखेची पॉलिसी मिळते का?"

मग काकूंना पासबुक आठवलं. २०१५ मध्ये बँकेतल्या कुणीतरी अप्पांची एका फॉर्मवर सही घेतली होती, तेव्हापासून पंतप्रधान सुरक्षा विमा योजनेचे वर्षाला बारा रुपये खात्यातून जात होते. २०२२ मध्ये बाराचे वीस झाले तेव्हा वरच्या आठ रुपयांसाठी अप्पांनी काउंटरवर अर्धा तास घेतला होता, पण ते कशाचे हे विचारलं नव्हतं. आता हात गळ्यात बांधून ते क्लेम करायला गेले. तिथे कळलं, अपघाती मृत्यू आला तर दोन लाख, एक हात कायमचा निकामी झाला तर एक लाख. मोडून जुळणाऱ्या हाडाला काही नाही. "म्हणजे हात तुटला तर पैसे आणि मोडला तर नाहीत!" हे वाक्य त्यांनी बँकेत, जिन्यात आणि वाण्याकडे, तीनही ठिकाणी ऐकवलं.

तेवढ्यावर अप्पा बदलले असतील असं ज्यांना वाटलं त्यांनी अप्पांना पाहिलेलंच नाही. "विमा नव्हता म्हणून तिसऱ्या दिवशी सोडलं. असता तर आठवडाभर ठेवून घेतलं असतं!" यातही अर्धं खरं असेल.

नोव्हेंबरात मुलाने त्यांना न विचारता मेडिक्लेमचा अर्ज भरला. कंपनीने तपासण्या सांगितल्या. अप्पा परीक्षेत पहिला नंबर यायचाच अशा थाटात रक्त देऊन आले, आणि रिपोर्टमध्ये साखर निघाली. पॉलिसी मिळाली, पण हप्ता चढा आणि मधुमेहाशी संबंधित आजारांना तीन वर्षं थांबा. "तपासणीला पाठवलं नसतं तर साखर आलीच नसती," असं त्यांचं ठाम म्हणणं आहे.

हल्ली अप्पा पर्वती सकाळ-संध्याकाळ चढतात आणि चहा बिनसाखरेचा घेतात. तीन वर्षं भरलेला एकही पैसा कंपनीला पचू द्यायचा नाही, अशी प्रतिज्ञा आहे. मुदत नोव्हेंबर २०२८ मध्ये संपते.