इंजिनाचे कानसेन

काशीला निघालेल्या मराठी घोळक्यात एक काका असे असतातच, ज्यांना देवळातल्या घंटेआधी इंजिन ऐकू येतं. अहिल्याबाई घाटावर बाकीची मंडळी होळकरांच्या वाड्याकडे मान वर करून बघतात, 1780 साली विश्वनाथाचं देऊळ पुन्हा उभं करणाऱ्या बाईंना हात जोडतात. काका पायरीवर डोळे मिटून बसलेले. ध्यान लागलं म्हणावं, तर तेवढ्यात पुटपुटतात, "नॉझल ठिबकतोय त्या होडीचा."

होडीवाल्यानं काही विचारलेलं नसतं. तरी काका खाली उतरून त्याला समजावतात. हिंदीत, म्हणजे मराठीलाच 'है' जोडून. "भैया, ये टॅपेट का आवाज नहीं है. टॅपेट सावकाश वाजता है." कॅमशाफ्ट क्रँकच्या निम्म्या वेगानं फिरतो म्हणून टॅपेटची टकटक संथ, बेअरिंग गेलं तर ठोका फेरीगणिक. नॉझलचा संशय असेल तर एकेकाचा पाइप ढिला करून बघायचा, ज्याच्या वेळी ठोका थांबेल तो चोर. होडीवाला मान डोलावतो आणि विचारतो, "बाबूजी, सवारी कितनी हैं?" यातलं एक अक्षर चूक नसतं, हीच पंचाईत. चुकीचं बोलणाऱ्याला गप्प तरी करता येतं.

हल्ली बऱ्याच होड्या डिझेल सोडून सीएनजीवर गेल्यात, नमो घाटाला तर तरंगता पंपच आहे. धूर कमी झाला म्हणून जग खूश, काका हळहळतात, "याला काय होतंय ते हा सांगतच नाही!"

त्यांची स्वतःची गाडी मात्र सगळं सांगते. आकुर्डीच्या बजाज टेंपोची मॅटाडोर. मागच्या सीटा काढून दिवाण टाकलाय, पडदे लावलेत, शेगडी आणि लाडवांचे डबे आहेत. कंपनी 2005 साली फोर्स मोटर्स झाली. काकांनी ते अजून मंजूर केलेलं नाही. गोदौलियाच्या गर्दीतून गाडी घाटापर्यंत येत नाही, म्हणून ती लांब पार्किंगमध्ये आणि काकांचा अर्धा जीव तिच्यात.

सकाळी निघायच्या वेळी ती रुसते. किल्ली फिरवली की एकदाच 'टक', पुढे शांतता. काकांचा चेहरा उजळतो. "भराभर टकटक झालं असतं तर बॅटरी उतरलेली. नुसतं घर्र झालं असतं तर बेंडिक्स. स्टार्टर फिरून पांढरा धूर आला असता तर हीटर प्लग. एकच टक म्हणजे करंट पूर्ण पोचत नाही. सोलेनॉइड तरी किंवा..." पार्किंगमधले चार ड्रायव्हर जमतात. काका स्क्रूड्रायव्हर मागवतात. खोलायला नाही, दांडी कानाला लावून ऐकायला. बंद इंजिनात काय ऐकतात, हे विचारायची कुणाची छाती नाही.

मागे काकूंनी शेगडीवर चहाचं आधण ठेवलेलं असतं. त्या पातेलं घेऊन उतरतात, बॅटरीच्या टर्मिनलवर साठलेल्या पांढऱ्या-हिरव्या थरावर ते कढत पाणी ओततात, फडक्यानं पुसून क्लॅम्प आवळतात आणि म्हणतात, "मारा आता." गाडी पहिल्या झटक्याला सुरू.

"तेच सांगत होतो मी," काका म्हणतात, "किंवा म्हटलं ना, त्याच्या पुढे टर्मिनलच होतं."

जुन्या गाडीनं काशीला जाणार असाल, तर निघण्याआधी टर्मिनल घासून त्यावर ग्रीस लावा आणि काकूंना पुढच्या सीटवर बसवा.