फाइल क्रेडिटला आहे

गृहकर्ज पाच मिनिटांत मंजूर होतं, असं जाहिरातीत असतं. ती पाच मिनिटं कुठल्या महिन्यात सुरू होतात, तेवढं नसतं.

समजा, तुम्ही पुण्यात रीसेलचा फ्लॅट ठरवलात. सौदा ८० लाखांचा. टोकन दिलंत, करारनामा नोंदवलात, त्यात ४५ दिवसांत उरलेली रक्कम देण्याचं कलम. फाइल 'लॉगिन' होईपर्यंत बँकेचा मुलगा सकाळ-संध्याकाळ फोन करतो: ''सर, काम झालंच समजा.'' लॉगिन झालं की तोच मुलगा अध्यात्माकडे वळतो. फोन उचललाच तर म्हणतो, ''सर, फाइल क्रेडिटला आहे.'' क्रेडिट हे कुठे आहे, तिथे कोण राहतं, ते आजवर कोणी पाहिलेलं नाही. त्याच्या पलीकडे लीगल, त्याच्या पलीकडे टेक्निकल आणि सर्वांच्या वर ऑपरेशन्स.

तपासणी हवीच, यात वाद नाही. एकच फ्लॅट तीन बँकांना गहाण टाकणारे महाभाग आपल्याकडे आहेत. वकिलानं ३० वर्षांचा सर्च घ्यावा, जुन्या करारांची साखळी जुळवावी, सोसायटीची एनओसी मागावी. गंमत पुढेच आहे. सगळ्या शंका एकदम विचारायच्या नाहीत, हा या शास्त्राचा पाया. सोमवारी शेअर सर्टिफिकेट मागायचं. ते मिळालं की ओसी. ते मिळालं की तुमच्या पॅनवर 'दत्तात्रय' आणि करारनाम्यात 'डी.' का, असं विचारायचं. मग ते दोघे तुम्हीच आहात, असं प्रतिज्ञापत्र ५०० रुपयांच्या स्टँपपेपरवर करून द्यायचं. पहिल्या मालकाचा मूळ करार हरवला असेल तर पोलिसांत तक्रार आणि वर्तमानपत्रात जाहीर नोटीस: हरकत असल्यास १४ दिवसांत कळवावे. हरकत कोणी घेत नाही. १४ दिवस मात्र जातात.

एवढ्यात व्हॅल्युअर येऊन जातो. तुमच्या ८० लाखांच्या घराची किंमत त्याच्या कागदावर ७० लाख भरते. ३० लाखांच्या वर आणि ७५ लाखांपर्यंतच्या गृहकर्जाला मालमत्तेच्या किमतीच्या ८० टक्क्यांची मर्यादा रिझर्व्ह बँकेनंच घातली आहे. म्हणजे ६४ लाख धरून बसलात, मिळणार ५६. स्टँपड्यूटी आणि नोंदणीचा खर्च त्या हिशेबात धरत नाहीत, तो खिशातून. वरचे आठ लाख आणायचे कुठून, या चिंतेत असताना त्याच बँकेच्या दुसऱ्या टेबलावरून फोन येतो: ''सर, तुम्हाला पर्सनल लोन प्री-अप्रूव्हड आहे.'' त्याला ना सर्च लागतो, ना साखळी. व्याज जास्त असलं की विश्वासही जास्त बसतो.

बँकेला वेळेची किंमत कळत नाही, असं मात्र म्हणू नये. हप्ता कापणारी नॅच यंत्रणा १ ऑगस्ट २०२१ पासून रविवारी आणि सणासुदीलाही चालते. कर्ज देणारी मंडळी दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी विश्रांती घेतात. एप्रिल २०२४ मध्ये तर रिझर्व्ह बँकेलाच परिपत्रक काढून सांगावं लागलं, की पैसे हातात देण्याआधीच, मंजुरीच्या किंवा कराराच्या तारखेपासून व्याज लावू नका. काही ठिकाणी चेकवर तारीख घालायची, चेक बरेच दिवसांनी द्यायचा आणि व्याज त्या तारखेपासून मोजायचं, अशीही रीत सापडली होती. म्हणजे पैसा कपाटात, व्याज कामावर. जादा घेतलेलं व्याज परत करा, असंही सांगावं लागलं.

उशिराला दर लावता येतो, हे आता सिद्धही झालं आहे. १ डिसेंबर २०२३ पासूनचा नियम असा, की कर्ज पूर्ण फिटल्यावर ३० दिवसांत मूळ कागद परत द्यायचे. बँकेमुळे उशीर झाला, तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई. वीस वर्षं हप्ते भरून संपलेल्या माणसाच्या उशिराला भाव आहे. टोकन बुडेल या धास्तीनं विक्रेत्याचे फोन टाळणाऱ्याच्या उशिराला मात्र नाही. तोच दर कर्ज देतानाही लावावा, ही माझी पहिली मागणी.

दुसरी मागणी: बँकांनाही सिबिलसारखा स्कोअर द्या, ३०० ते ९०० मध्ये. अर्ज करण्याआधी तो आम्ही बघू. ''मॅनेजरसाहेब, तुमचा ५९० आला, दोन जामीनदार आणा.'' मागच्या तीन वर्षांत किती फाइली किती दिवसांत सुटल्या, त्याचं विवरण शिक्क्यासह जोडावं. १ एप्रिल २०२० ला दहा सरकारी बँकांच्या चार झाल्या. तेव्हा पूर्वीची ती आणि आताची ही एकच, असं प्रतिज्ञापत्र ५०० रुपयांच्या स्टँपपेपरवर हवं. शंका आम्हीही रोज एकेकच विचारू. या छाननीची प्रोसेसिंग फी बँकेनं आगाऊ भरावी, अधिक जीएसटी. आणि आम्ही दुसऱ्या बँकेत गेलो, तरी ती फी परत मिळणार नाही.