काठ बघून पट्टा

चामड्यावर नक्षी ठोकायचे ठसे विकणाऱ्या अमेरिकन कॅटलॉगात ठशांच्या प्रत्येक जातीला एक अक्षर असतं. बेव्हलरला ‘बी’, पेअर शेडरला ‘पी’, इथवर ठीक चालतं. पुढे टोपलीच्या विणीला ‘एक्स’ आणि बॉर्डरला ‘डी’. ‘बी’ बेव्हलरने आधीच पटकावल्यावर बॉर्डरने करायचं तरी काय! एकूण छंदातही तिची हीच गत. मधल्या फुलाचा आराखडा लोक आठवडाभर घोटतात आणि बॉर्डरचा ठसा मात्र डब्यात हाताला लागेल तो.

आमच्याकडे तसं चालत नाही, कारण घरात आत्या आहे. तिला चामड्यातलं काही कळत नाही आणि कळून घ्यायचंही नाही. पण तिच्या कपाटात इरकल आहे, नारळी काठाची पैठणी आहे, विदर्भातली करवतकाठी आहे. त्यामुळे काठाच्या बाबतीत तिच्या निकालावर अपील नाही.

दीड इंची पट्टा म्हणजे ३८ मिलिमीटर. शिलाईसाठी दोन्ही कडांना ३-३ सोडले, उरले ३२. त्यावर ६ मिलिमीटरचा देखणा कमानीदार ठसा दोन्हीकडून ठोकला की मधे राहतात २०. त्या विसात फुलं बसवायची, आणि तीही शेरिडन पद्धतीची! वायोमिंगमधल्या शेरिडन गावात डॉन किंग या खोगीरकाराने ही पद्धत नावारूपाला आणली. वेलीने गोल गिरकी घ्यायची, गिरकीच्या पोटात फूल, फुलालगत पान, पानालगत पुन्हा वेल. बोट ठेवायला जागा नाही. असा एक पट्टा आत्याने चष्मा पुसून पाहिला.

“अरे, बघायचं कुठे? अंगभर बुट्टे आणि वर काठ हा एवढा? अंग साधं असेल तर खुशाल मिरवू दे काठाला. इथे एवढी गर्दी आहे, त्याने गप्प बसावं.”

शेरिडनच्या पुष्कळ पट्ट्यांना कडेला नुसती साधी रेघ असते. आत्या वायोमिंगला गेलेली नाही. येवल्याला गेली आहे.

टोपलीच्या विणीचा हिशेब उलटा. ती तिरकी ठोकत गेलं की कडेला अर्धेमुर्धे ठसे उरतात, आणि त्यांची तोंडं झाकायला कॅमोफ्लाज नावाचा अर्धगोल ठसा ओळीने मारतात. इथे काठ जरा रुंदच हवा. वीण मोठी आणि काठ किडकिडीत असला तर अर्धवट तुकडे खालून डोकावत राहतात. मी हे सगळं सविस्तर समजावल्यावर आत्या म्हणाली, “म्हणजे पिको केलंस.” छंद शिकवणाऱ्या एकाही पुस्तकात हे इतक्या थोडक्यात नाही.

पाकिटाला चार कोपरे असतात, हे आत्याच्या राज्याबाहेरचं. बाजू १०० मिलिमीटर, ठसा ८ चा, म्हणजे बारा ठसे बसून ४ मिलिमीटर उरतात. अर्धा ठसा कुणी विकत नाही. मग दोन्ही कोपऱ्यांपासून सुरुवात करून मधे भेटायचं आणि ते ४ मिलिमीटर ठशाठशांमध्ये केसाएवढे वाटून टाकायचे. कागदावर कंपासने नेमकं आखलं तरी भरवसा नाही, कारण चामडं ओलसर करूनच ठोकावं लागतं आणि ओलं चामडं ठोक्यागणिक पसरतं. शिवाय ते झाडपाल्याने कमावलेलंच लागतं. कोल्हापुरीचं चामडं बाभळीची साल आणि हिरडा घालून कमावतात, तसलं. क्रोमने कमावलेलं चामडं ठसा धरून ठेवत नाही. आणि जाडी मोजायची औंसात! एक औंस म्हणजे इंचाचा चौसष्टावा भाग. पाकिटाच्या दोन-तीन औंसी चामड्यावर पट्ट्याचा दांडगा ठसा जोरात हाणला की नक्षी दोन्ही बाजूंनी दिसते. एका दामात दोन.

तरी ठशाच्या आकाराचा खरा निर्णय आमच्या इमारतीत खालच्या मजल्यावर होतो. टेबलावर कडप्प्याची फरशी, हातात मोगरी. मीटरभर पट्ट्याला ८ मिलिमीटरचा ठसा एका बाजूला सव्वाशे वेळा बसतो, दोन्ही बाजू धरून अडीचशे ठोके. ४ मिलिमीटरचा घेतला तर पाचशे. त्यामुळे खालचे काका मोठ्या ठशांचे कट्टर पुरस्कर्ते. जिन्यात भेटले की विचारायचे, “आज कितीचा?”

परवा ते स्वतःच वर आले. मुलाच्या लग्नात जोधपुरीवर शोभेल असा पट्टा हवा होता. मी मोठ्या कमानींचा नमुना पुढे केला. त्यांच्याच सोयीचा होता. त्यांनी तो बाजूला सारला, तुकड्यांच्या ढिगातून ४ मिलिमीटरच्या मण्यांची बारीक ओळ उचलली आणि उजेडात धरली.

“हा. मोठा फार भडक दिसतो हो.”

कंबर मोजली. पट्टा सव्वा मीटरच्या खाली बसेना. म्हणजे सव्वासहाशे ठोके, मी सांगितलं. काका क्षणभर विचारात पडले.

“दुपारी दोन ते चार सोडून ठोका,” ते म्हणाले, “आणि जरा जोरात ठोका, नीट उमटू दे.”